अक्काताई पडेना

ता. २ फेब्रुवारी १९७५, चिपळूण

सकाळपासून मोरीत बसून ज्युदोचा अंगरखा धुते आहे. हे तिसरं पाणी. सांगलीकडच्या आखाड्यातली तांबडी माती साधी माती नसते. तिच्यात ताक, तेल, हळद आणि लिंबू मुरवलेलं असतं, त्यामुळे ती कापडाला नुसती लागत नाही, कापडात मुक्काम करते. शेजारच्या काकूंनी कठड्यावरून डोकावून विचारलं, "एवढं काय सांडलंत हो?"

"एक पैलवान," मी म्हटलं.

तेव्हापासून काकू कठड्याजवळून हललेल्या नाहीत, आणि आता आळीतल्या आणखी दोघी येऊन थांबल्या आहेत. प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकलेलं बरं.

मी मुलींच्या शाळेत कवायत शिकवते. वय शेहेचाळीस, चष्मा आहे, उंची बेताची आणि रुंदी बेताची नाही. आमच्या बऱ्याच मुली खेड्यांतून एस.टी.ने येतात आणि स्टँडवरच्या टवाळांचा त्यांना त्रास होतो. मुलींना ज्युदो शिकवू, असं मी मुख्याध्यापिकाबाईंना सुचवलं. त्या म्हणाल्या, "आधी तुम्ही शिकून प्रमाणपत्र आणा. आणलंत तर शुक्रवारचा शेवटचा तास तुमचा. नाही आणलंत तर तो भरतकामाला जाईल." भरतकामाशी माझं वैर नाही. पण टाके बघून पळालेला टवाळ मी अजून पाहिलेला नाही. साताऱ्याला शिक्षिकांसाठी पंधरवड्याचं शिबिर होतं. घरच्यांना डबे कुठे आहेत ते दाखवून मी निघाले.

सातारा

कुंभार्ली घाट चढून गेलं की पहिली गोष्ट जाते ती घाम आणि दुसरी भात. कराडला गाडी बदलून साताऱ्यात उतरले तेव्हा हाडात शिरणारी थंडी होती. जेवणात ज्वारीच्या भाकरीचे ढीग, वांगं, आणि खर्डा नावाचा एक हिरवा गोळा. मला वाटलं चटणी असेल, आपल्याकडच्यासारखी, ओल्या खोबऱ्याची. मी चमचाभर घेतला. मग बराच वेळ माझ्याशी कोणी बोललं तरी मला ऐकू येत नव्हतं. भात आला तो सगळ्यात शेवटी, मूठभर, देवाला दाखवल्यासारखा.

शिबिर एका शाळेच्या मोठ्या खोलीत होतं. ज्युदोला जपानात गवती चटया लागतात म्हणे. इथे पोत्यांत पेंढा भरून ती शिवली होती आणि वर ताडपत्री ताणली होती. अंगरखा आणि विजार मांजरपाटाची. मी जन्मात पहिल्यांदा विजार घातली. खिडकीबाहेर पंधरावीस बायका लेकरं घेऊन आमच्या विजारी बघायला उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातली एक मला म्हणाली, "आवं बाई, लय सोयीचं दिसतंय. ऊस तोडाय बरं हुईल." तिचं खरंच होतं.

आमचे शिक्षक फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. ते फौजेत ज्युदो शिकले होते आणि हुकूम अजूनही हिंदीतूनच सोडत. परीक्षा होती 'काता' या प्रकाराची. काता म्हणजे दोघींनी मिळून म्हणायचा पाठ, फक्त अंगाने. समोरासमोर नमस्कार करायचा. मग एकीने ठरलेला हल्ला करायचा, दुसरीने ठरलेला डाव टाकायचा आणि पहिलीने पाठीवर पडायचं. तोच डाव आधी उजवीकडून, मग डावीकडून. हाताचे डाव, कमरेचे डाव, पायाचे डाव, आणि शेवटी पुन्हा नमस्कार. कोण जिंकलं हा प्रश्नच नाही. जोडीतली एक चुकली की दोघी नापास.

माझ्या जोडीला अक्काताई आली. ती जतकडची. घरची मेंढरं, धाकटा भाऊ बिरू नावाजलेला पैलवान, आणि ही गावातल्या शाळेत कवायत शिकवणारी. तिशीची, उंच, काटक, बाभळीच्या फोकासारखी. मी ठेंगणी असल्यामुळे पाडणारी मी आणि पडणारी ती, असं हवालदारांनी ठरवलं.

अडचण पहिल्याच दिवशी कळली. अक्काताई पडेना.

म्हणजे डाव बसायचा, ती उचलली जायची, आणि अगदी शेवटच्या क्षणी मांजरासारखी वळून पोटावर यायची. पाठ काही टेकायची नाही. हवालदार ओरडले, "पीठ के बल, बाई! पीठ के बल!"

अक्काताई उठून अंग झाडत म्हणाली, "हवालदारसायेब, आमच्या घरात पाठ दोनदाच टेकत्यात. जल्मल्यावर पाळण्यात आन मेल्यावर तिरडीवर."

"अगं पण ही कुस्ती नाही," मी म्हटलं.

"ते तुमाला ठावं, मला ठावं. पर माज्या पाठीला कुटं ठावं हाय?"

चार दिवस गेले. मला शुक्रवारचा तास दिसेनासा होऊन तिथे कशिद्याच्या रिंगा दिसायला लागल्या. हवालदारांनी समजावलं, दम दिला, स्वतः पडून दाखवलं. ते पडले की खिडकीतल्या बायका हळहळायच्या. शेवटी मी जरा डोकं चालवलं. पडताना तळहात आणि सबंध हात जमिनीवर जोरात आपटायचा असतो, म्हणजे मार अंगाला लागत नाही. मी अक्काताईला म्हटलं, "तू पडूच नकोस. तू फक्त जमिनीच्या थोबाडीत मारायला खाली जा."

तिने विचार केला. "कसं म्हणता? मी पडले न्हाई, मी मारायला गेल्ते?"

"अगदी तसंच."

त्या दिवशी तिने ताडपत्रीच्या असं थोबाडीत दिलं की शेजारच्या वर्गातले मास्तर बघायला आले. त्यानंतर तिला थांबवणं अवघड झालं.

माझी स्वतःची अडचण वेगळी होती. हाताच्या डावांतला तिसरा डाव म्हणजे समोरच्या बाईला आडवी खांद्यांवर घेऊन उभं राहायचं आणि पलीकडे टाकायचं. मी वाकले की मला उठता येत नसे. आम्ही दोघी तशाच, अर्धवट, एखाद्या मोडक्या गाडीसारख्या उभ्या. वरून अक्काताई सूचना करायची, "आवं, तांदळाचं पोतं उचलल्यागत काय करताय? कोकरू घेतात तसं घ्या. मान त्याच्या पोटाखाली. आन उचलायचं न्हाई, नुसतं चालाय लागायचं."

"कोकरू ओरडत नाही," मी खालून म्हणाले.

"तुमी कुटं कोकरू बघितलंय? लय वरडतंय."

डाव जमला, पण उजवीकडूनच. डावीकडून नेहमी एक झोक जायचा.

संध्याकाळी अक्काताई घरून आणलेलं हुलग्याचं माडगं तापवायची. मी एक घोट घेतला आणि म्हटलं, "हे तर आमचं कुळथाचं पिठलं, फक्त पातळ." ती म्हणाली, "तुमी आमचंच दाट करून खाता म्हना की." यावर दोन दिवस वाद चालला. निकाल लागला नाही, पण माडगं संपलं.

माधवनगरकडे

परीक्षा साताऱ्यातच गुपचूप व्हायची होती. पण हवालदारांचं गाव सांगलीजवळच्या माधवनगरच्या अलीकडचं, आणि त्यांना गावाला आपली विद्या दाखवायची हौस होती. गावच्या जत्रेत कुस्त्यांचं मैदान असतं. कुस्त्या सुरू होण्याआधी आमच्या जोड्यांनी काता करून दाखवावा आणि परीक्षकांनी तिथेच बघावा, असं त्यांनी जमवून आणलं. पुण्याचे परीक्षकसाहेब म्हणजे बारीक अंगाचे, इस्त्रीच्या कपड्यातले गृहस्थ. ते फार कमी बोलत. त्यांनी आम्हांला एकच सांगितलं, "काता म्हणजे शांतता. पहिल्या नमस्कारापासून शेवटच्या नमस्कारापर्यंत मधे कशानेही खंड पडता कामा नये."

हे ऐकून आम्ही मैदानात गेलो. तिथे हलगी कडाडत होती आणि तीनचार हजार माणसं तरी भडंग खात बसली होती.

तेवढ्यात पंचांपुढे वेगळाच पेच पडला. आखाड्याच्या मातीत बाई उतरत नाही. ती मारुतीची माती. हवालदारांचा चेहरा उतरला. मग एक म्हातारे पंच म्हणाले, "ताडपत्री हातरली तर? बाया ताडपत्रीवर ऱ्हातील. मातीचा आन त्यांचा संबंधच न्हाई." सगळ्यांना हे पटलं. आमच्याकडे असा प्रश्न आला असता तर तीन बैठका झाल्या असत्या.

आमची जोडी पहिली. अक्काताईची आई पुढेच बसली होती. डोक्यावर पदर, हातात काठी, बाजूला बिरू. दोघं खास जतहून आलेले. आम्ही नमस्कार केला. पहिला डाव. अक्काताईने ताडपत्रीच्या थोबाडीत मारली. लोक खूश झाले, टाळ्या पडल्या. ती उठली, आम्ही जागा घेतल्या आणि नियमाप्रमाणे तोच डाव डावीकडून केला. ती पुन्हा पडली.

या वेळी टाळी पडली नाही. मग एक आवाज आला, "आवं, आत्ताच पडली न्हवं का? त्याच डावावर परत कशी पडती?"

दुसरा म्हणाला, "पाठ लागली की उटून जायाचं असतंय. ही बाई परत का हुबी ऱ्हाती?"

दुसरा डाव असा, की अक्काताईने पुढे येत माझ्या डोक्यावर मूठ मारायची आणि मी तिच्या हाताखाली शिरून तिला पाठीवरून पलीकडे टाकायचं. मी उजवीकडून टाकली. लगेच कोणीतरी ओरडलं, "नुरा हाय! नुरा!"

नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली कुस्ती. त्या मुलखात माणसाला चोर म्हटलेलं चालतं. नुरा म्हटलेलं चालत नाही. आणि अडचण अशी की आरोप शब्दशः खरा होता. काता ठरवूनच करतात. पण ते हजारो लोकांना समजावणार कोण? सगळं मैदान "नुरा, नुरा" करायला लागलं. अक्काताईचा चेहरा लाल झाला. मी हळूच म्हटलं, "लक्ष देऊ नको, डावीकडून ये."

ती येण्याच्या आधी बिरू आला. कपडे काढून, लांग कसून, दंड थोपटत तो ताडपत्रीवर उतरला आणि ओरडला, "माज्या भनीला नुरा म्हनतुय कोन? मी हुबा ऱ्हातो तिच्या जागंवर. बाईंनी मला पाडून दावावं!"

हवालदार धावले, पण हलगीवाल्याने ठेका धरला होता. परीक्षकसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

मी बिरूला म्हटलं, "बाबा, हा डाव तू हल्ला केल्याशिवाय होत नाही. माझ्या डोक्यात मूठ मार."

बिरू एक पाऊल मागे सरला. "आवं बाई, तुमच्यावर हात उचलू? आईच्या वयाच्या तुमी."

"काही वाटून घेऊ नको. मार."

"न्हाई जमायचं." तो लोकांकडे वळला. "सांगा की वं, बाईमानसावर हात उचलू का?"

"न्हाई, न्हाई," सगळं मैदान म्हणालं. हे त्या लोकांचं मला आवडलं, पण माझा काता त्यात अडकून पडला होता.

तेव्हा अक्काताईची आई काठी टेकत उभी राहिली. "मार की रं! बाई सोत्ता म्हनतीया तर मार! पाव्हनीला किती ताटकळत ठेवायचं?"

आईचा हुकूम झाला. बिरूने मूठ उचलली आणि गणपतीवर फूल ठेवावं तशी माझ्या डोक्यावर ठेवली. अशा मुठीवर कोणाला पाडता येत नाही. समोरच्याचा जोर हेच तर आमचं भांडवल.

"जीव न्हाई का रं हातात?" आई कडाडली. "मग माजं दूद आन बदाम जात्यात कुटं?"

लोक हसले. बिरू चिडला आणि या वेळी त्याने खरंच हात चालवला. मला काही सुचलं नाही, आणि तेच बरं झालं. पंधरवडाभर जे केलं होतं ते अंगानेच केलं. मी आत शिरले, वाकले, आणि बिरू माझ्या डोक्यावरून निघाला.

एखादी कोकणी बाई अंगणात वाळवण उलटते तितक्याच सहज हे झालं असं मी सांगितलं असतं, पण पुढचं बघायला फार लोक होते. अर्ध्या वाटेत बिरूच्या पाठीला घरचं वळण आठवलं. तो हवेतच वळला, त्याने माझी कॉलर धरली, आणि आम्ही दोघं लोळत ताडपत्रीच्या बाहेर मातीत गेलो. थांबलो तेव्हा तो पोटावर पालथा होता आणि मी त्याच्या पाठीवर बसलेली होते. चष्मा नाडीने बांधला होता म्हणून वाचला.

"पाठ लागली न्हाई! चालू द्या!" मैदान ओरडलं. नुरा कोणाच्या तोंडात राहिला नाही. एकाने येऊन मला फेटा बांधला, दुसऱ्याने नारळ दिला. पंचांची मात्र कुजबुज सुरू झाली, की बाई मातीत गेल्या. तेच म्हातारे पंच पुन्हा कामाला आले. "बाई मातीत कुटं हायत? बाई बिरूवर हायत. बिरू मातीत हाय." माझी सगळी पाठ तांबडी झाली होती. ती मी हळूच हलगीवाल्याकडे वळवली.

परीक्षकसाहेब उठून आले. फेट्याकडे बघत म्हणाले, "बाई, तुमच्या कात्याच्या मधे एक पैलवान आला."

"तो आमचा नव्हता."

"माझ्या नियमांत आमचा-तुमचा नाही. खंड पडला. दोघी नापास. पुढच्या वर्षी या. मी उद्या सकाळी पुण्याला निघतोय."

बाकीच्या जोड्यांची परीक्षा त्यांनी शाळेच्या खोलीत दार लावून घेतली. अक्काताई माझ्या फेट्याचं टोक धरून बसून राहिली. "जमिनीला मारून मारून हात सुजला बाई," ती म्हणाली, "आन नापास." बिरू लांबून बघत होता, जवळ यायची हिंमत नव्हती. पुढच्या वर्षी मला शाळा कुठली सोडते? मी त्याला हाक मारली आणि विचारलं, "ती ताडपत्री सायकलवर बसेल का?"

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही परीक्षकसाहेब उतरले होते त्या डाक बंगल्यावर हजर झालो. बिरूने हिरवळीवर ताडपत्री अंथरली आणि स्वतःहून झाडामागे जाऊन बसला. आई काठी घेऊन फाटकात उभी राहिली. "आज कोन मदी आलं तर माज्याशी गाठ हाय," ती म्हणाली. साहेब बनियनवर, हातात तांब्या, तोंडात दंतमंजन घेऊन व्हरांड्यात आले. ते काही बोलायच्या आत आम्ही वाकून नमस्कार केला. नमस्कार झाला की मधे खंड नाही, हा नियम त्यांचाच. ते तोंड भरून तसेच उभे राहिले.

हाताचे डाव झाले, कमरेचे झाले, पायाचे झाले. पोती नव्हती, पेंढा नव्हता, तरी अक्काताई अशी पडत होती की आवारातले कावळे उडाले. शेवटचा नमस्कार केला. साहेबांनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि म्हणाले, "खांद्यावरचा डाव, डावीकडून. झोक गेला. पुन्हा."

म्हणजे ते परीक्षाच घेत होते. मी वाकले, मान कोकराच्या पोटाखाली घातली आणि उचलायचा विचार न करता चालायला लागले. अक्काताई वर असतानाच फाटकाशी गाडीचा भोंगा वाजला.

"साहेबांची गाडी आहे, बाजूला व्हा," ड्रायव्हर म्हणाला.

"असंल," आई म्हणाली. "माजी पोरगी पडतीया अजून. पडून झाली की मग."

अक्काताई पडली. भोंगा पुन्हा वाजला.

"आता झाली ना पडून? सोडा की."

"पडली. पर पास का नापास ते कळू दे आदी."

साहेबांनी एकदा फाटकाकडे पाहिलं, एकदा झाडामागून निघणाऱ्या बिरूकडे, आणि गळ्यातला टॉवेल काढत मोठ्याने म्हणाले, "पास आहेत दोघी! झोक गेला नाही! आता माझी गाडी आत येऊ द्या."